सॅशे हा उपचार नव्हे

‘लघवीला जळजळ होतेय ना? मग अँटिबायोटिकच्या नादी लागू नकोस. क्रॅनबेरीचं सॅशे घे, डी-मॅनोज घे. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही आणि पुन्हा पुन्हा होणारा त्रास मुळापासून जातो.’ हा सल्ला मैत्रीण मैत्रिणीला देते, मोठी जाऊ धाकटीला देते, जिममधले ट्रेनर देतात आणि औषधाच्या दुकानातही तो आपसूक मिळतो. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्यातल्या बऱ्याचजणींनी हा त्रास स्वतः भोगलेला असतो. दर दहा मिनिटांनी उठायचं, थेंबभर लघवी, ती होताना आग, ओटीपोटात कळ आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि काहींना तो एकाच वर्षात तीन-चार वेळा गाठतो. अशी बाई जो दिलासा देईल त्याचं ऐकणार. तिला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

पण हा सल्ला चुकीचा आहे. त्यात खरेपणाचा अंश मोठा आहे म्हणूनच तो इतका पसरला, आणि म्हणूनच तो कुठे चुकतो हे नेमकं दाखवून द्यायला हवं. ती चूक साधी नाही. ती बाईच्या मूत्रपिंडावर बेतू शकते.

आधी त्यातलं खरं काय ते मान्य करते. आपल्याकडे अँटिबायोटिकचा वापर बेजबाबदार आहे. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गात चारपैकी तीन वेळा, किंवा त्याहून जास्त, ई. कोलाय हा जिवाणू असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद देशातल्या मोठ्या रुग्णालयांमधून नमुने गोळा करून या जिवाणूवर लक्ष ठेवते. इमिपेनेम हे शेवटच्या फळीतलं, सलाइनमधून द्यायचं औषध. २०१७ मध्ये ते ई. कोलायच्या ८१ टक्के नमुन्यांवर चालत होतं. २०२२ मध्ये ते ६६ टक्क्यांवर आलं. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतले, गंभीर रुग्णांचे आहेत. गल्लीतल्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला ते लागू होत नाहीत. तरीही घसरण कुठल्या दिशेने चालली आहे ते कळायला एवढं पुरे. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन या गोळ्या आपण वर्षानुवर्षं जुलाबाला, तापाला, लघवीच्या जळजळीला सारख्याच सढळ हाताने दिल्या, आणि आज त्या ई. कोलायच्या मोठ्या हिश्शावर निकामी झाल्या आहेत. त्या गोळ्यांनी स्नायूंच्या कंडरा, नसा आणि मेंदूवर क्वचित पण दीर्घकाळ टिकणारे दुष्परिणाम होतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये सांगितलं की साध्या मूत्रसंसर्गात दुसरा पर्याय असेल तर त्या वापरूच नका. आपल्याकडे त्या आजही पहिल्या चिठ्ठीत येतात.

तेव्हा अँटिबायोटिकची भीती खोटी नाही. माझा आक्षेप त्या भीतीतून काढलेल्या निष्कर्षाला आहे. चुकीचं औषध अंदाजाने दिलं जातं हे खरं असेल, तर योग्य औषध तपासणी करून द्या, थोडे दिवस द्या, गरज असेल तेव्हाच द्या, असा निष्कर्ष निघतो. ‘औषधच नको, सॅशे घ्या’ हा त्यातून निघत नाही. अंदाजाने घेतलेली गोळी वाईट, मग अंदाजाने घेतलेलं सॅशे चांगलं कसं?

सगळा गोंधळ दोन प्रश्नांच्या सरमिसळीतून होतो. संसर्ग झालेला नसताना तो होऊ नये म्हणून काय करावं, हा एक प्रश्न. झालेला संसर्ग बरा कसा करावा, हा दुसरा. सॅशेच्या बाजूने बोलणारे पहिल्या प्रश्नाचा पुरावा उचलतात आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बसवतात. क्रॅनबेरीचं पाहू.

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जमिनीत येणारं आंबट फळ. मॅसॅच्युसेट्स आणि विस्कॉन्सिनमध्ये त्याची मोठी शेती होते. आधी समजूत अशी होती की त्याने लघवी आम्लधर्मी होते आणि जिवाणू मरतात. ती टिकली नाही. लघवीची आम्लता त्याने फारशी बदलत नाही. मग १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत दिसलं की क्रॅनबेरीतल्या काही द्रव्यांमुळे ई. कोलाय मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू शकत नाही. या द्रव्यांना प्रोअँथोसायनिडिन म्हणतात. कल्पना पटण्यासारखी होती आणि पुढची चाळीस वर्षं तिच्यावर चाचण्या होत राहिल्या. कोक्रेन ही पुराव्यांचा एकत्रित आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिने २०१२ मध्ये २४ चाचण्या तपासून सांगितलं की फायदा दिसत नाही. २०२३ मध्ये ५० चाचण्या आणि ८,८५७ सहभागी असा मोठा आढावा आला आणि निष्कर्ष बदलला: ज्या स्त्रियांना वारंवार संसर्ग होतो त्यांच्यात धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाला, आणि मुलांमध्ये त्याहून जास्त. हे मी आनंदाने मान्य करते. पुरावा बदलला की मत बदलायचं असतं.

पण त्याच आढाव्यात पुढेही काही लिहिलेलं आहे आणि ते जाहिरातीत येत नाही. संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांमध्ये फायदा दिसला नाही. गरोदर स्त्रियांमध्ये दिसला नाही. ज्यांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही त्यांच्यातही दिसला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांमधल्या १८५ स्त्रियांना वर्षभर क्रॅनबेरीच्या कॅप्सूल किंवा तशाच दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल देऊन पाहिलं होतं. काही फरक पडला नाही. म्हणजे ज्या आजीला मुलं प्रेमाने महागड्या कॅप्सूल आणून देतात, तिलाच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता सगळ्यांत कमी. शिवाय २६ टक्क्यांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. ज्या चारजणींना त्रास होणारच होता त्यांच्यातल्या एकीचा टळला आणि तिघींना क्रॅनबेरी घेऊनही झाला. त्या तिघींना त्या दिवशी काय करायचं हे कुणीतरी सांगायला हवं ना?

क्रॅनबेरीने झालेला संसर्ग बरा होतो का, याचा शोधही कोक्रेनने स्वतंत्रपणे घेतला होता. निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नाही. फायदा होत नाही असं सिद्ध झालं, असं मी म्हणत नाही. पुरावाच नाही. असं असताना जळजळ सुरू झालेल्या बाईच्या हातात सॅशे देऊन ‘हेच औषध’ म्हणणं म्हणजे तिच्यावर प्रयोग करणं झालं, तोही कुणाच्या देखरेखीशिवाय.

आपल्याकडे तर याला आणखी एक पदर आहे. सुकवून साखरेत मुरवलेली क्रॅनबेरी मिठाईसारखी विकली जाते, आणि आपलं करवंदही ‘भारतीय क्रॅनबेरी’ म्हणून विकलं जातं. करवंदाचं लोणचं मला प्रिय आहे. पण त्याचं झुडूप वेगळ्या कुळातलं, आणि ज्या चाचण्यांवर हा सगळा दावा उभा आहे त्या करवंदावर झालेल्या नाहीत. सॅशे घेतलं तरी त्यात ते द्रव्य किती आहे हे अनेकदा वेष्टनावर नीट लिहिलेलंही नसतं. अभ्यासांमध्ये दिवसाला ३६ मिलिग्रॅम हे प्रमाण बऱ्याचदा वापरतात. हातातल्या पाकिटावर तो आकडा शोधून पाहा.

डी-मॅनोजची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. ही एक साधी साखर. ई. कोलायच्या अंगावर बारीक धाग्यांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला एक प्रथिन असतं. ते मूत्राशयाच्या पेशींवरच्या मॅनोजला धरून बसतं. मग लघवीतच भरपूर मॅनोज सोडलं तर जिवाणू त्यालाच धरतील आणि लघवीबरोबर वाहून जातील, अशी ही कल्पना. २०१४ मध्ये क्रोएशियात ३०८ स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात निकाल डोळे दिपवणारा आला: काहीच न घेणाऱ्या ६० टक्के स्त्रियांना संसर्ग पुन्हा झाला, डी-मॅनोज घेणाऱ्या फक्त १५ टक्क्यांना. त्यानंतर बाजार फुलला. पण त्या अभ्यासात काहीच न घेणाऱ्यांना आपण काही घेत नाही हे माहीत होतं. खोटी पुडी कुणालाच दिलेली नव्हती. लघवीला जळजळ होतेय की नाही हे जिथे रुग्णाने स्वतः सांगायचं असतं, तिथे ही त्रुटी मोठी ठरते.

मग ब्रिटनमध्ये ती चाचणी व्हायला हवी तशी झाली. वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रिया, सहा महिने, रोज दोन ग्रॅम पावडर. निम्म्यांना डी-मॅनोज, निम्म्यांना तशीच गोड लागणारी फळसाखर, आणि आपल्या वाट्याला काय आलंय हे कुणालाच माहीत नाही. २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. डी-मॅनोज घेणाऱ्या ५१ टक्के स्त्रियांना संसर्गाच्या शंकेने पुन्हा डॉक्टर गाठावा लागला आणि साखर घेणाऱ्या जवळपास ५६ टक्क्यांना. हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा होता. संशोधकांनी सरळ लिहिलं की प्रतिबंधासाठी डी-मॅनोजची शिफारस करू नये. कल्पना सुंदर होती, प्रयोगशाळेत खरीही होती. माणसाच्या शरीरात ती चालली नाही. आता या निकालानंतरही ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असं म्हणून जे ती विकतात, त्यांच्याकडून मला एवढंच उत्तर हवं आहे: २०१४ चा अभ्यास तुम्ही दाखवता, मग २०२४ चा का लपवता?

इथे सॅशेवाले आपला सर्वांत जोरदार मुद्दा काढतात: ‘मी स्वतः घेतलं, तीन दिवसांत बरी झाले.’ हे खोटं नसतं. साधा मूत्राशयाचा संसर्ग बऱ्याच निरोगी तरुण स्त्रियांमध्ये आपोआपही ओसरतो. बेल्जियममध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात खोटी गोळी घेणाऱ्या स्त्रियांपैकीही निम्म्याहून जास्त जणींना तीन दिवसांत बरं वाटलं होतं. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या पुढे होतं. म्हणजे सॅशे, धण्याचं पाणी, नुसतं पाणी किंवा काहीच नाही, यांतलं काहीही घेतलं तरी कित्येकजणी बऱ्या होणारच, आणि बरं वाटल्याचं श्रेय जे हाती होतं त्याला मिळणार. म्हणून अनुभवावर भरवसा ठेवता येत नाही. बरी झालेली बाई सगळ्यांना सांगते. जिची जळजळ चौथ्या दिवशी थंडी वाजून येण्यावर गेली, ती रुग्णालयात असते.

आणि हा शेवटचा मुद्दा आकड्यांनी सिद्ध झालेला आहे. अँटिबायोटिक टाळता येईल का, हा प्रश्न वैद्यकानेच प्रामाणिकपणे विचारला. जर्मनीत ४९४ स्त्रियांना फॉस्फोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक आयबुप्रोफेन दिलं. २०१५ मध्ये निकाल आला. आयबुप्रोफेन घेणाऱ्या जवळपास दोन तृतीयांश स्त्रियांना अँटिबायोटिकची गरज पडली नाही. हा निकाल सॅशेवाल्यांनी खुशाल दाखवावा. पण त्याच निकालात मूत्रपिंडाचा संसर्ग आयबुप्रोफेन गटात पाचजणींना झाला, दुसऱ्या गटात एकीला. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी डेन्मार्क आणि स्वीडनमधली केंद्रं जोडून ३८३ स्त्रियांवर अशीच चाचणी केली. चौथ्या दिवशी अँटिबायोटिक घेणाऱ्यांतल्या सुमारे ७४ टक्के बऱ्या होत्या, आयबुप्रोफेन घेणाऱ्यांतल्या ३९ टक्के. मूत्रपिंडाचा संसर्ग सातजणींना झाला आणि सातही जणी आयबुप्रोफेन गटातल्या होत्या. जर्मनीतच बेअरबेरी या युरोपातल्या पारंपरिक वनस्पतीवरही चाचणी झाली. अँटिबायोटिकचा वापर खूप कमी झाला, पण स्त्रियांनी त्रास जास्त भोगला आणि मूत्रपिंडापर्यंत गेलेले संसर्गही जास्त होते. हे सगळं काळजीपूर्वक निवडलेल्या, निरोगी, गरोदर नसलेल्या, डॉक्टरांच्या फोनवर असलेल्या स्त्रियांमध्ये. घरी एकटीने, कुणाला न सांगता, सॅशेवर आठवडा काढणाऱ्या बाईला ही सुरक्षा कुठली?

मूत्रपिंडाचा संसर्ग म्हणजे नुसता ताप नव्हे. कुशीत कळ, हुडहुडी, उलट्या, आणि जिवाणू रक्तात गेला तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाते. गरोदर बाईत तो मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढवतो. म्हणूनच गरोदरपणात त्रास नसतानाही लघवीचं कल्चर करतात आणि जिवाणू सापडले तर उपचार करतात. गरोदर बाई, मधुमेही, लहान मूल, पुरुष, मूतखडा असलेले, कॅथेटर घातलेले आणि ताप किंवा पाठीत कळ असलेली कुणीही व्यक्ती, यांच्याबाबतीत सॅशे घेऊन वाट पाहणं हा निव्वळ धोका आहे.

‘पण सॅशे नैसर्गिक आहे,’ असं म्हणतात. फॉस्फोमायसिन स्पेनमधल्या मातीतल्या जिवाणूपासून १९६९ मध्ये सापडलं. तेही निसर्गातलंच. वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर क्रॅनबेरी टाळायला सांगतात. मग निसर्गाचा हा धोका कोणत्या रकान्यात लिहायचा? पदार्थ कुठून आला यावरून तो सुरक्षित की परिणामकारक हे ठरत नाही.

आता ज्या बाजूने मी बोलते आहे त्या बाजूलाही खडसावायला हवं, कारण सॅशेचा बाजार डॉक्टरांच्या चुकांवरच वाढला. जळजळ सांगितली की कल्चर न करता ओफ्लॉक्सासिन लिहायचं. तीन दिवसांत उतार नाही म्हणून सेफिक्झिम लिहायचं. मग आणखी काही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं साध्या मूत्राशयाच्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइनला पुढे ठेवतात: दिवसातून दोनदा शंभर मिलिग्रॅम, पाच दिवस. १९५३ पासून वापरात असलेलं हे स्वस्त, जुनं औषध आजही आपल्याकडच्या बहुसंख्य ई. कोलायवर चालतं. ते लघवीत साठतं, मूत्रपिंडाच्या ऊतीत फारसं पोहोचत नाही. त्यामुळे मूत्रपिंडाच्या संसर्गाला ते चालत नाही आणि मूत्रपिंडाचं काम मंदावलेल्यांना देता येत नाही. पण नेमक्या जागी वापरलं तर शरीरातल्या बाकी जिवाणूंची नासधूस कमी करतं. अँटिबायोटिकने ‘शरीराची वाट लागते’ असं म्हणणाऱ्या बाईला यातलं कुणी कधी समजावून सांगितलं का?

आणि त्याच चिठ्ठीवर आपल्याकडे एक गोड, आंबटसर सिरप येतं. लघवी अल्कधर्मी करणारं, डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचं. अर्ध्या महाराष्ट्राला उन्हाळी लागली की हेच सिरप आठवतं. त्याने जळजळ कमी झाल्यासारखी वाटते, पण संसर्गावर ते चालतं याचा भक्कम पुरावा नाही. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत जास्त प्रभावी असतं. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं अशा सिरपबरोबर ते घेऊ नका असं स्पष्ट सांगतात. आपल्याकडे दोन्ही एकाच चिठ्ठीवर, एकाखाली एक लिहिलेली मी पाहिली आहेत. एक औषध दुसऱ्याचा जोर काढून घेतं आणि गोळीने गुण आला नाही म्हणून बाई सॅशेकडे वळते.

तिसरी चूक जास्त खोल आहे. साठीच्या, मधुमेही बाईने नेहमीची तपासणी केली, लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स दिसले, कल्चरमध्ये जिवाणू वाढले, तिला त्रास काहीच नाही, तरी कोर्स सुरू. हे करू नये असं बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरची काही ऑपरेशन्स हे अपवाद. इटलीत २०१२ मध्ये ६७३ तरुण स्त्रियांवर अभ्यास झाला होता. त्यांना वारंवार संसर्ग होत असे, पण त्या वेळी त्रास काही नव्हता, फक्त लघवीत जिवाणू होते. ज्यांना अँटिबायोटिक दिलं त्यांना वर्षभरात पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण न दिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. निरुपद्रवी जिवाणू मारले की त्यांची जागा उपद्रवी घेतात. औषध न देणं हाही उपचार असतो हे वैद्यकानेच सिद्ध केलं आहे. त्यासाठी सॅशेची गरज नव्हती. डॉक्टरने दोन मिनिटं थांबून ‘तुम्हाला त्रास होतोय का?’ असं विचारण्याची होती.

सॅशेची खरी ताकद मला इथेच दिसते: ते काही विचारत नाही. दवाखान्यात गेलं की प्रश्न येतात. लग्न झालंय का, संबंध कधी आला, पांढरं जातं का, पाळी कधी गेली. सासू सोबत बसलेली असते, डॉक्टर पुरुष असतो, पडद्यापलीकडे पुढचा रुग्ण बसलेला असतो. नवं लग्न झालेल्या मुलीला हा त्रास संबंधांनंतर सुरू होणं अगदी नेहमीचं आहे आणि ती तो कुणालाच सांगू शकत नाही. मोबाइलवर मागवलेलं पाकीट मात्र गुपचूप घरी येतं. मी या मुलीच्या बाजूने आहे. पण तिच्या लाजेवर धंदा उभा करणाऱ्यांच्या बाजूने मी नाही, आणि तिला लाज वाटेल अशा पद्धतीने प्रश्न विचारणाऱ्या दवाखान्यांच्या बाजूनेही नाही.

कायद्यातही मोठी फट आहे. अशा सॅशेंपैकी बरीच औषध म्हणून विकली जात नाहीत. ती अन्नपूरक म्हणून २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांखाली येतात. त्यामुळे बाजारात येण्याआधी त्यांनी रोग टळतो किंवा बरा होतो हे चाचणीने सिद्ध करावं लागत नाही. रोग बरा करण्याचा दावा त्यांना करताही येत नाही आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असं वेष्टनावर छापावं लागतं. तरीही ती औषधाच्या दुकानात, औषधाच्याच शेल्फवर, ‘मूत्रमार्गाचं आरोग्य’ अशा शब्दांत उभी असतात आणि घेणारी ती औषध म्हणूनच घेते. औषधाच्या पट्टीवर लाल रेषा असते, चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी. ती रेषा दुकानदार सर्रास ओलांडतात हे खरं. पण नियम मोडला जातो म्हणून नियम नसलेली वस्तू बरी, असं कसं म्हणता येईल?

मग वारंवार त्रास होणाऱ्या बाईने करायचं काय? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर आहे आणि त्याची जाहिरात फार होत नाही.

पहिलं उत्तर पाणी. बल्गेरियात १४० स्त्रियांवर वर्षभर चाचणी झाली. या सगळ्या दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पैसा एका बाटलीबंद पाणी विकणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीचा होता, हेही सांगितलं पाहिजे. तरी परिणाम मोठा आहे आणि नळाच्या पाण्यानेही तो मिळेल. आजीचं धण्या-जिऱ्याचं पाणी, कोकम सरबत, नारळपाणी, बार्ली, या सगळ्यांतून शेवटी पोटात पाणीच जातं, आणि ताप नसेल तोवर त्यांना माझा विरोध नाही. पण पाणी प्या म्हणणं सोपं आहे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीतल्या बायका मुताऱ्यांसाठी लढत आल्या, कारण पुरुषांना फुकट मिळणाऱ्या जागेसाठी बाईला पैसे मोजावे लागत होते, आणि बऱ्याच ठिकाणी पैसे देऊनही जागाच नव्हती. एसटीची कंडक्टर, चौकात उभी वाहतूक पोलीस, भाजी विकणारी, उसाच्या फडात कोयता चालवणारी, या सगळ्याजणी घरून निघताना पाणी पीत नाहीत, कारण दिवसभर जायला जागा नसते. त्यांच्या मूत्राशयाचा प्रश्न अमेरिकन फळाने सुटणार नाही. तो नगरपालिका, साखर कारखाने आणि एसटी आगारांच्या दारात पडलेला आहे, आणि ‘नैसर्गिक’ उपायांबद्दल बोलणाऱ्यांनी तो एकदा तरी तिथे मांडावा अशी माझी मागणी आहे.

दुसरं उत्तर पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आहे आणि ते न सांगितलं जाणं मला सगळ्यांत जास्त खटकतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीतलं अस्तर पातळ होतं, तिथले रक्षण करणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू नाहीसे होतात आणि ई. कोलायला वाट मिळते. १९९३ मध्ये ९३ स्त्रियांवर प्रसिद्ध झालेल्या चाचणीत योनीत एस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, खोटं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. कुठल्याही सॅशेने असा निकाल कधी दिलेला नाही. क्रीमचा फारच थोडा अंश रक्तात जातो. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ते घ्यायचं. तरी आपल्याकडच्या किती साठीच्या बायकांना हे क्रीम माहीत आहे? त्यांना वाटतं, या वयात असं होतंच. आणि योनीत काही लावायला सांगणं हा डॉक्टरांनाच अनेकदा संकोचाचा विषय वाटतो.

एवढं करूनही ज्यांचा त्रास थांबत नाही त्यांच्यासाठी मेथेनामाइन हिप्युरेट आहे. हे अँटिबायोटिक नाही. आम्लधर्मी लघवीत त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं आणि ते जिवाणूंना मारतं. त्याला प्रतिकार करणारे जिवाणू सहसा तयार होत नाहीत. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये २४० स्त्रियांवर त्याची तुलना रोजच्या कमी डोसच्या अँटिबायोटिकशी झाली. संसर्ग मेथेनामाइन घेणाऱ्यांत वर्षाला सरासरी १.३८, अँटिबायोटिक घेणाऱ्यांत ०.८९. अँटिबायोटिक किंचित सरस, पण फरक स्त्रियांनीच आधी ठरवलेल्या मर्यादेत; म्हणून ब्रिटनने ते पर्याय म्हणून मान्य केलं. अँटिबायोटिक टाळण्याची ज्यांची मनापासून इच्छा आहे त्यांनी डॉक्टरांकडे या गोळीची चौकशी करावी. आणि तेही पुरलं नाही तर रोज किंवा संबंधांनंतर कमी डोसचं अँटिबायोटिक, कल्चर पाहून, काही महिन्यांपुरतं. नायट्रोफ्युरँटॉइन लांबवलं तर क्वचित फुप्फुसाला त्रास होतो, म्हणून नवा खोकला किंवा दम लागू लागला तर लगेच सांगायचं. सहा महिन्यांनी परत जाऊन ते बंद करून पाहायचं. बंद केल्यावर काहीजणींना त्रास पुन्हा सुरू होतो, कारण हे औषध घेत असेपर्यंतच राखण करतं. मग कल्चर पुन्हा करून, तिच्याशी बोलून, पुढचं ठरवायचं.